वऱ्हाडी कीर्तनातील प्रश्न आणि डिजिटल माध्यम

प्रतिकाराचे साधन म्हणून डिजिटल माध्यमाचा विचार होतो तेव्हा प्रसाराचा वेग आणि श्रोत्यांची संख्या ह्यांनाच बहुधा प्रमाण मानले जाते. वऱ्हाडातील प्रबोधनपर कीर्तनाला ही कसोटी लावली, तर तिचे अपुरेपण तत्काळ ध्यानात येते. ह्या कीर्तनाचे बळ उपदेशात नाही. ते श्रोत्यांकडून वदवून घेतलेल्या उत्तरात आहे.

गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण ह्या बाबतीत निर्णायक ठरावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या ह्या निरक्षर लोकशिक्षकाने पूर्वरंग-उत्तररंगाचा रूढ बांधा बाजूस सारला आणि त्या जागी प्रश्नांची साखळी उभी केली. समुदाय प्रत्येक प्रश्नास एकमुखाने उत्तर देतो आणि ते देता देता स्वतःच्याच आचाराविरुद्ध साक्षीदार होऊन बसतो. पशुबळी, अस्पृश्यता, कर्ज काढून केलेले सण ह्यांचा निषेध अशा रीतीने सभेच्याच मुखातून होतो. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढे सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, ते निवर्तले. हे ध्वनिमुद्रण आज आंतरजालावर कोणालाही ऐकता येते, हा लाभ सामान्य नव्हे. छापील प्रतीत शब्द उरतात. दोन प्रश्नांमधील थांबा आणि वऱ्हाडी हेल उरत नाहीत. प्रमाण भाषेचे संस्कार ज्यावर झाले नाहीत असा हा आवाज जतन होणे, हाच एक सांस्कृतिक प्रतिकार आहे.

खंजेरीची परंपराही ह्याच प्रदेशातली. अमरावती जिल्ह्यातीलच यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांना १९४२ च्या आंदोलनात कारावास घडला. परकीय सत्तेला भय वाटले ते केवळ पदांचे नव्हे, त्यांभोवती जमणाऱ्या समुदायाचे, असे म्हणण्यास हरकत नसावी. अकोला जिल्ह्यातील अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकाच वेळी वाजवून व्यसन, हुंडा व अंधश्रद्धा ह्यांवर कोरडे ओढतात. २०१७ मध्ये मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. विनोदाच्या आवरणातील हे बोलणे सर्वांनाच निरुपद्रवी वाटत नाही, हे त्यावरून दिसले.

त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर विपुल फिरतात. तथापि दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यात विनोद राहतो, खंजेऱ्यांचे नवल राहते. ज्या प्रश्नासाठी तो विनोद रचला गेला, तो प्रश्न मात्र कातरला जातो. हसू आधी आणि खजील होणे मागाहून, हा ह्या कीर्तनाचा क्रम. तुकड्यात पहिला अर्धाच भाग हाती लागतो. काटछाट करणाऱ्याची दृष्टी येथे कीर्तनकाराच्या दृष्टीहून अधिक प्रभावी ठरते, आणि समीक्षेने तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकूनही एक अडचण शिल्लक राहतेच. वांद्र्याच्या त्या कीर्तनात गाडगेबाबा प्रश्न विचारतात आणि १९५६ चा समुदाय उत्तर देऊन मोकळा होतो. आज कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकणाऱ्यावर उत्तराची पाळीच येत नाही.