वायुपृथक्करणासाठी धातू-सेंद्रिय चौकटी : प्रचलित निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांपासून तयार होणाऱ्या सच्छिद्र स्फटिकमय पदार्थांना धातू-सेंद्रिय चौकटी असे म्हणतात. त्यांच्या विकासासाठी रिचर्ड रॉब्सन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजवर अशा एक लाखाहून अधिक संरचनांची नोंद झाली आहे. मात्र वायुपृथक्करणासाठी उद्योगात पोहोचलेल्या चौकटी मोजक्याच आहेत. या तफावतीचे एक कारण संशोधनाच्या मूल्यमापनातच आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पृष्ठफळाचा निकष :
१९९९ मध्ये याघी व सहकाऱ्यांनी एमओएफ-५ ही चौकट प्रसिद्ध केली. तिचे पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे २९०० चौरस मीटर होते. तेव्हापासून पृष्ठफळाचा आकडा हे या क्षेत्राचे भूषण ठरले. हायड्रोजन किंवा मिथेन साठवण्याच्या संदर्भात हा निकष अर्थपूर्ण आहे. पृथक्करणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा गतिज व्यास ०.३३ नॅनोमीटर, तर नायट्रोजनचा ०.३६४ नॅनोमीटर आहे. एवढ्या सूक्ष्म फरकावर केवळ चाळणीप्रमाणे निवड करणे कठीण असल्याने छिद्रांच्या भिंती आणि रेणू यांच्यातील आकर्षण निर्णायक ठरते. पृष्ठफळावरून छिद्रांत जागा किती हे कळते. तेथे कोणता रेणू टिकेल हे कळत नाही.

कोरड्या वायूवरील निष्कर्ष :
अनेक शोधनिबंधांत प्रत्येक शुद्ध वायूचे अधिशोषण स्वतंत्रपणे मोजले जाते व त्यावरून मिश्रणातील निवडक्षमता गणिताने काढली जाते. प्राथमिक चाचणीसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूत बाष्प असते आणि पाण्याचे रेणू उघड्या धातुस्थानांवर घट्ट बसतात. मॅग्नेशियमयुक्त एमओएफ-७४ ही चौकट कोरड्या स्थितीत कार्बन डायऑक्साइड उत्तम शोषते. मात्र २०११ च्या एका अभ्यासात ७० टक्के आर्द्रतेशी संपर्क आल्यानंतर आणि तापवून पुन्हा सज्ज केल्यानंतर तिची मूळ क्षमतेच्या केवळ १६ टक्के क्षमता उरल्याचे आढळले. कोरड्या वायूवर पहिल्या क्रमांकाचा ठरलेला पदार्थ प्रत्यक्ष परिस्थितीत असा मागे पडतो.

पुनर्मापनाची उपेक्षा :
२०१७ मध्ये पार्क, हाउ आणि शॉल यांनी कार्बन डायऑक्साइडच्या अधिशोषणाची प्रसिद्ध मापने एकत्र तपासली. हजारो चौकटींपैकी केवळ १५ चौकटींबाबत तुलना करण्याइतकी स्वतंत्र मापने उपलब्ध होती आणि त्यांतील सुमारे २० टक्के मापने इतरांशी विसंगत होती. नव्या संरचनेला प्रसिद्धी मिळते, जुन्या मापनाची पडताळणी दुर्लक्षित राहते, हा या क्षेत्राचा मूलभूत दोष होय.

एक बोलके उदाहरण :
कॅनडातील कॅलगरी येथे विकसित झालेल्या आणि २०२१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या कॅल्फ-२० या जस्तयुक्त चौकटीचे पृष्ठफळ दर ग्रॅमला जेमतेम ५०० चौरस मीटरच्या आसपास आहे. तरीही सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत ती पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला प्राधान्य देते, वाफेतही टिकते आणि मोठ्या प्रमाणावर तयार करता येते. पृष्ठफळाच्या क्रमवारीत ती कधीच वर आली नसती. कारखान्यापर्यंत मात्र तीच पोहोचली.

निष्कर्ष :
पृष्ठफळ व आदर्श निवडक्षमता हे निकष त्याज्य नव्हेत. ते अपुरे आहेत. त्यांच्या जोडीला दमट मिश्रणातील प्रत्यक्ष चाचणी, वारंवार वापरानंतर टिकणारी क्षमता आणि पदार्थ पुन्हा सज्ज करण्यास लागणारी ऊर्जा यांची नोंद आवश्यक ठरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीनेही यात मोलाची दिशा आहे. नवी चौकट घडविण्याइतकेच, ज्ञात चौकटीचे काटेकोर पुनर्मापन हेही स्वतंत्र संशोधन मानले गेले, तर या क्षेत्रातील आकड्यांवर विश्वास ठेवता येईल.