सुलेमान खतीब यांची ‘सास-बहू’ : हसू थांबते तिथे

सुलेमान खतीब (१९२२–१९७८) यांचे नाव निघाले की दखनी बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कविता ऐकण्याआधीच हसू येते. ही लोकप्रियता त्यांच्या कवितेला मारक ठरली असे माझे मत आहे. ‘मजाहिया शायर’ असा शिक्का एकदा बसला आणि उर्दू समीक्षेने त्यांना त्या कप्प्यात ठेवून दिले. मराठी अभ्यासकांनी तर त्यांची फारशी दखलच घेतली नाही. वास्तविक बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा येथे जन्मलेल्या आणि गुलबर्ग्याला (आताचे कलबुर्गी) राहिलेल्या या कवीची भाषा आपल्या कानाला अर्धी ओळखीची आहे. दखनीतील ‘नक्को’ आणि शब्दावर जोर देणारा ‘च’ हे मराठीच्याच सहवासाचे देणे आहे.

ही भाषा मुळात हसण्यावारी नेण्याची नव्हती. मुहंमद कुली कुतुबशहाने तिच्यात दिवाण रचला, वजहीने १६३५ मध्ये ‘सबरस’ लिहिले. विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) पडल्यानंतर राजाश्रय गेला, पुढे उत्तरेकडील उर्दू प्रमाण मानली गेली आणि दखनी हळूहळू ‘अशुद्ध उर्दू’ ठरली. ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटात मेहमूदने रंगविलेला खानसामा दखनीत बोलतो. प्रेक्षक हसतात ते बऱ्याच अंशी त्याच्या बोलण्याच्या ढंगाला. म्हणजे एका काळी दरबारात मानाने बसलेली भाषा पडद्यावर आली ती स्वयंपाकघराच्या दारातून.

याच काळात हैदराबादेत काही वेगळे घडत होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान संपले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा-बीदर म्हैसूर राज्यात. पूर्वीच्या राजभाषेत शिकलेला मुसलमान मध्यमवर्ग नोकरी, भाषा आणि पत, तिन्ही बाबतींत उघडा पडला. अशा वेळी शोकगीतेच लिहिली जातील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात १९६२ मध्ये ‘जिंदा दिलान-ए-हैदराबाद’ ही विनोदी साहित्याची संस्था उभी राहिली आणि १९६८ मध्ये ‘शुगूफा’ हे विनोदाला वाहिलेले मासिक निघाले. सरवर डंडा, अली साहेब मियाँ यांच्यासारखे कवी दखनीतच लिहीत राहिले. या विनोदाला कुणी पलायन म्हणेल. परंतु ज्या भाषेची टवाळी होते तीच भाषा मुशायऱ्याच्या मंचावरून मोठ्याने बोलणे, आणि हसायचे कशाला हे आपण ठरवणे, याला पळणे म्हणता येणार नाही.

‘सास-बहू’ची रचना वरवर साधी आहे. आधी सासू बोलते. सुनेच्या सवयी, तिचे माहेर, काहीही सुटत नाही. शिव्याशापांना लय आहे, उपमा घरातल्या आहेत, आणि श्रोता खदखदून हसतो. हे हसू नेमके कुणाला? सुनेला नव्हे, भाषेलाही नव्हे. आपल्याच घरात रोज कानावर येणारे बोलणे वृत्तात बसलेले ऐकून माणूस हसतो, आणि त्या हसण्यात थोडी शरमही असते. घरातल्या सत्तेची भाषा इतक्या जवळून टिपणे हे नकलाकाराचे काम नाही. नकलाकार बाहेर उभा असतो; खतीब ओसरीवर बसलेले आहेत.

मग सून उत्तर देते, आणि सभागृह शांत होते. ती शिवीला शिवी देत नाही. बोललेल्या शब्दाचे मोल काय असते, एवढेच ती सांगू लागते. जिला बोलण्याचा हक्क नाही तिने बोलण्याविषयीच बोलावे, यात कवितेचा खरा विरोध आहे. आधीचे सारे हसू आता श्रोत्याच्या अंगावर उलटते; आपण कशाला हसलो, हे त्याला उमजते.

येथे मात्र एक शंका घेणे भाग आहे. सून बोलू लागली की दखनीचा ठसका ओसरतो आणि भाषा प्रमाण उर्दूच्या जवळ सरकते. म्हणजे भांडायला दखनी आणि शहाणपणाला उर्दू, अशी वाटणी खतीब स्वतःच करतात काय? तसे असेल तर ज्या उतरंडीविरुद्ध ही कविता उभी आहे तीच उतरंड तिच्या पोटात शिल्लक राहते. सून शिकलेली आहे म्हणून तशी बोलते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सासूच्या तोंडी एखादी गंभीर ओळ दखनीत आली असती तर कविता अधिक धीट झाली असती. दुसरी अडचण अशी की दोन्ही आवाज बायकांचे, लिहिणारा आणि मंचावरून म्हणणारा पुरुष. ज्याच्यामुळे हे भांडण आहे तो मुलगा व नवरा कवितेत जवळजवळ गप्प आहे. सासूला मिळालेली सत्ता तेवढी एकच आहे, हे कवीला ठाऊक आहे. पण तो तिकडे फारसा वळत नाही.

‘छोरा-छोरी’त, जिथे मुलाची आई देण्याघेण्याच्या मागण्या मांडते, ही कसर थोडी भरून निघते. तिथे विनोदाचा रोख व्यक्तीवर न राहता हुंड्याच्या व्यवहारावर येतो. मुशायऱ्यात या कवितेला टाळी देणारे आपल्या मुलाच्या लग्नात काय करतात, हा प्रश्न अर्थात कवितेच्या हाताबाहेरचा आहे.

आपल्या महाविद्यालयांत ही कविता शिकवायची झाल्यास माझी एकच सूचना आहे. ती स्नेहसंमेलनाच्या करमणुकीत घालू नये, वर्गात वाचावी. आणि वाचायला त्या विद्यार्थिनीला सांगावे जी घरी दखनी बोलते व वर्गात ‘नक्को’ तोंडून निघाले की जीभ चावते. सासूचा भाग तिला कुणी शिकवावा लागणार नाही. सुनेच्या भागाशी आल्यावर तिचा आवाज बदलतो की नाही, याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. वर जी शंका मी मांडली तिचा निर्णय तिच्या वाचनातूनच लागेल.