वाटाड्यांचा ग्रंथ

आमच्या राजगुरुनगरावरून उत्तरेस जाणारा रस्ता नाशकास पोंचतो. त्या नाशकाजवळील शरणपुरच्या मिशन शाळेंत, गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें एके काळीं शिकत असत. त्यांपैकीं कांहीं पुढें डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासांत सामील झालीं. त्या प्रवासाची दैनंदिनी होरेस वॉलर यांनीं संपादून १८७४ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केली. ती पुन्हां वाचतांना तिच्या गुणांबरोबर एक उणीवही आम्हांस जाणवली.

बांगवेउलु सरोवराकांठची दलदल, संततधार पाऊस आणि खंगत चाललेलें शरीर यांच्या शेवटच्या नोंदी त्रोटक आहेत. पण त्यांत कृत्रिमता नाहीं. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं लेखक निवर्तला, तरी ग्रंथ संपत नाहीं. पुढील वृत्तांत चुमा आणि सुसी यांनीं सांगितलेला आहे. वॉलर यांनीं तो आस्थेनें टिपून घेतला, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. मात्र शीर्षपत्रावर हे दोघे केवळ ‘विश्वासू नोकर’ म्हणून येतात. येथें आमचा आक्षेप आहे. नोकर आज्ञा पाळतो. येथें तर आज्ञा देणारा कोणी उरलाच नव्हता. हृदय झाडाखालीं पुरून, देह मीठ लावून वाळवून समुद्राकडे न्यावयाचा, हा निश्चय यांचाच. नाशकास शिकलेल्या जेकब वेनराइटनें तेथें प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. वाटेंत भेटलेल्या कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला. तो यांनीं मानला नाहीं. सुमारें नऊ महिन्यांनीं हा तांडा किनाऱ्यास लागला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील अंत्यविधीस जेकब हजर होता. चुमा आणि सुसी इंग्लंडास पोंचले ते त्यानंतर.

आज आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें केनिया-टांझानियास जातात व परत येऊन प्रवासवर्णनें लिहितात. स्वाहिलींतील ‘सफारी’ आणि आपली ‘सफर’ यांचें मूळ एकच, अरबी. त्या लेखांत सिंहांची गणती असते, तंबूंचें वर्णन असतें. ज्यानें सिंह दाखविला तो मात्र ‘आमचा ड्रायव्हर’ एवढाच उरतो. आणि आफ्रिकेपर्यंत जावयास कशाला पाहिजे? आमच्याच तालुक्यांतील भीमाशंकरच्या रानांत वाट दाखविणाऱ्या गांवकऱ्याचें नांव आम्हीं तरी कितीदां लिहून ठेविलें? दैनंदिनी वाचून मिटतांना वाचकांनीं हा प्रश्न स्वतःस एकवार विचारावा.