ध्वनी, मौन आणि ओझे : 'गुड वन' या चित्रपटाचा विचार

१

ज्या कलाकृतीविषयी 'तीत काही घडतच नाही' असे सर्रास म्हटले जाते, तिचा विचार करताना समीक्षकाने प्रथम 'घडणे' या शब्दाचाच अर्थ तपासून पाहणे इष्ट असते. इंडिया डोनाल्डसन या अमेरिकन दिग्दर्शिकेचा 'गुड वन' हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २०२४ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला व त्याच वर्षी कान येथील दिग्दर्शकांच्या विभागातही त्याची निवड झाली. सुमारे दीड तासाच्या या चित्रपटाचे कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. सतरा वर्षांची सॅम आपले वडील ख्रिस आणि वडिलांचे जुने मित्र मॅट यांच्याबरोबर न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगरांत तीन दिवसांच्या पदभ्रमणास जाते. तेथे एका रात्री मॅट तिला एक वाक्य बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी वडील त्या वाक्याविषयी दुसरे एक वाक्य बोलतात. एवढेच. ना कोणी कड्यावरून कोसळत, ना कोणी वाट चुकत, ना वादळ येत.

तथापि या दोन वाक्यांच्या आत एका मुलीच्या आयुष्यातील एक पर्व संपते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे पर्व कसे संपते, आणि ते दाखविण्यास दिग्दर्शिकेने मौनाचाच आश्रय का केला, हा या टिपणाचा विषय आहे.

२

आरंभी शीर्षकाकडे पाहू. 'गुड वन' या दोन शब्दांचे मराठीत एकच भाषांतर होऊ शकत नाही, आणि ही अडचण उद्बोधक आहे. मॅटचा मुलगाही या सहलीस यावयाचा होता. ऐन वेळी बापाशी भांडून तो माघार घेतो. तेव्हा दोन मित्रांच्या दोन अपत्यांपैकी 'चांगले' ते सॅम, हा एक अर्थ. कोणी विनोद केला असता दाद म्हणून जे उद्गारतात तो दुसरा अर्थ. आपल्याकडे पहिल्या अर्थी 'गुणी मुलगी' अथवा 'शहाणी मुलगी' म्हणतात. 'शहाणी' या शब्दाची गंमत अशी, की तो स्तुती म्हणूनही वापरतात आणि दटावणी म्हणूनही. मुलगी ऐकते तोवर ती शहाणी, आणि बोलू लागली की 'फार शहाणी'. सॅम या दोन अर्थांच्या मधल्या अरुंद पायवाटेवरून चालते आहे.

तिचे शहाणपण चित्रपटाच्या पूर्वार्धात बारकाव्याने उभे केले आहे. वाटेतील मुक्कामात दोन्ही पुरुष पलंगांवर झोपतात आणि मुलगी जमिनीवर. डोंगरात ती पाणी गाळते, जेवण रांधते, मित्रांच्या कुरबुरी ऐकून घेते, विचारले तर समंजस उत्तर देते. तिची मासिक पाळी चालू आहे. त्यासाठी ती वरचेवर झाडांआड जाऊन येते. बरोबरच्या दोघांना याची गंधवार्ताही नसते, आणि दिग्दर्शिकाही त्यावर भाष्य करीत नाही. जे नेहमीचे आहे ते नेहमीच्या रीतीनेच दाखविलेले आहे. मात्र प्रेक्षकाला एक गोष्ट कळून चुकते. या तिघांत वयाने लहान कोण, आणि वृत्तीने लहान कोण, याची गणिते उलटी आहेत. ख्रिस शिस्तीचा, सामानाच्या वजनाचा काटेकोर हिशेब ठेवणारा. मॅट गबाळा, घटस्फोटाने खचलेला, एके काळचा नट, जो स्लीपिंग बॅगदेखील घरी विसरून येतो. दोघांचीही पहिली लग्ने मोडलेली आहेत, दोघांनाही आपल्या दुःखाचे कौतुक आहे, आणि दोघांच्याही कौतुकाला श्रोता मात्र एकच, ती सतरा वर्षांची मुलगी.

३

आता त्या वाक्याकडे वळू. शेकोटीपाशी रात्री उशिरा ख्रिस तंबूत निघून जातो. मॅट आणि सॅम दोघेच उरतात. मॅटला थंडी वाजते आहे. तिने आपल्या तंबूत येऊन आपल्याला ऊब द्यावी, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून जातो. ती ऐकून न ऐकल्यासारखे करते आणि निजावयास जाते.

आपल्या साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागेल. वाक्याचा वाच्यार्थ निरुपद्रवी आहे. मनुष्य गारठला आहे, तो ऊब मागतो. व्यंग्यार्थ निराळा आहे, आणि तो सॅमला तत्क्षणी कळतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त ध्वनीला काव्याचा आत्मा ठरविले, तेव्हा त्याने दिलेल्या पहिल्या उदाहरणांतच 'गाथासप्तशती'तील एक महाराष्ट्री प्राकृत गाथा आहे. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातील तरुणी कोण कोठे निजते ते दाखविते; शब्दांत निषेध आहे, सूचनेत निमंत्रण. शतकानुशतके रसिकांनी या गाथेचे कौतुक केले, आणि ते यथार्थच आहे. पण त्या गाथेत सूचनेची स्वामिनी ती स्त्री आहे. बोलणारीही तीच आणि इच्छिणारीही तीच. 'गुड वन'मध्ये प्रसंग तोच आहे: रात्र, परकी जागा, निजण्याच्या ठिकाणाविषयीचे बोलणे. परंतु बोलणारा प्रौढ पुरुष आहे आणि ऐकणारी मित्राची अल्पवयीन मुलगी.

यातून व्यंजनेचे असे एक अंग पुढे येते, ज्याचा काव्यशास्त्राला विचार करण्याचे कारण पडले नाही. काव्यात जी व्यंजना सौंदर्याचे कारण, तीच व्यवहारात बोलणाराचे आश्रयस्थान होऊ शकते. सूचकाला वाच्यार्थात परतण्याची वाट नेहमीच मोकळी असते. 'मी तसे म्हटलेच नाही', 'मी थट्टा केली', 'मी थोडी अधिक घेतली होती' या तिन्ही वाटा मॅटसाठी उघड्या आहेत. शीर्षकातील विनोदाला दाद देणारा अर्थ येथे येऊन झोंबतो. ऐकणाऱ्या मुलीजवळ मात्र परतीची वाट नाही, कारण अर्थ तिच्या मनात पूर्ण झालेला आहे. सिद्ध करता येत नाही असा अर्थ तिला कळला आहे, आणि तो कळल्याचे ओझे तिने एकटीने वाहावयाचे आहे.

४

दुसऱ्या दिवशी सॅम वडिलांना ते सांगते. माझ्या मते चित्रपटाचा खरा मध्यबिंदू हा आहे, रात्रीचा प्रसंग नव्हे. ख्रिस रागावत नाही, तिला खोटेही ठरवीत नाही. तो मित्राच्या बोलण्याचे वजन कमी करतो आणि आजचा दिवस आनंदात घालवावा, असे सुचवितो. आपल्या घरोघरी ज्याला 'जाऊ दे' म्हणतात, तेच हे.

ख्रिस हा दुष्ट बाप असता तर चित्रपट सोपा झाला असता. परंतु जेम्स ले ग्रो यांनी त्याला मायाळू, चेष्टेखोर, मुलीचा अभिमान वाटणारा बाप म्हणून रंगविला आहे. त्याने तिला डोंगर चालावयास शिकविले आहे. म्हणूनच त्याचे उत्तर जिव्हारी लागते. मॅटचे वाक्य परक्याचे होते. हे आपल्या माणसाचे आहे. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर सहृदय तो, जो न उच्चारलेला अर्थ ग्रहण करतो. ख्रिसला अर्थ कळत नाही असे नाही. तो सहृदय होण्याचे नाकारतो, कारण अर्थ ग्रहण केला तर कृती करावी लागेल. मित्र गमवावा लागेल, सहल मोडावी लागेल, आणि स्वतःच्या आयुष्याकडेही पाहावे लागेल. न ऐकणे ही नेहमी बुद्धीची उणीव असते असे नाही. पुष्कळदा ती सोयीची निवड असते.

लिली कोलियास यांचा अभिनय येथे विशेष लक्षणीय आहे. वडिलांचे उत्तर ऐकत असता त्यांच्या मुखावर फारसे काहीच हलत नाही. फक्त इतका वेळ जी मुलगी दुसऱ्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहत होती, ती आता पाहीनाशी होते.

५

त्यानंतर सॅम जे करते ते शब्दांत नाही. ती दोघांच्या सॅकमध्ये दगड भरते आणि एकटीच मोटारीकडे चालू लागते. ज्या चित्रपटाच्या आरंभी ख्रिस मित्राच्या सॅकमधून नको ते सामान काढून वजन कमी करवितो, त्या चित्रपटात ही कृती केवळ खोडी राहत नाही. ज्याचे वजन कमी लेखले गेले, ते तिने वजनाच्याच भाषेत परत केले आहे. शब्दाला नाकारता येते, दगडाला येत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्या दृष्टीने पाहिल्यास पुरुषांचे अखंड बोलणे आणि मुलीचे मौन यांच्या विरोधातून निघालेली ही रचना दगडांच्या जागी समतोलास पोहोचते.

शेवटी बाप मोटारीपाशी येतो, तेव्हा दार आतून बंद असते. काही काळाने ते उघडते. बाप आत बसतो आणि सॅकमधला एक दगड डॅशबोर्डवर ठेवतो. ही क्षमायाचना आहे काय? कबुली आहे काय? की पुन्हा एकदा थट्टाच? दिग्दर्शिका सांगत नाही. या संदिग्धतेचा काही प्रेक्षकांना राग येईल. मला ती प्रामाणिक वाटते. ख्रिसने पाहिले आहे, एवढेच तो दगड सांगतो. पाहिल्यानंतर तो काय करील, हे सतरा वर्षांच्या मुलीलाही त्या क्षणी ठाऊक नसते.

६

तुलनेने दोन चित्रपट आठवतात. केली राइकार्ट यांच्या 'ओल्ड जॉय' (२००६) या चित्रपटात ऑरेगनच्या रानात दोन जुने मित्र भटकंतीस जातात आणि मैत्री विरत चालल्याचे दुःख न बोलता सोसतात. तेथे त्या दुःखाला साक्षी फक्त कॅमेरा आहे. 'गुड वन'ने साक्षीला चौकटीच्या आत आणून बसविले, आणि पुरुषी मैत्रीच्या हळवेपणाची किंमत कोण देते, हा प्रश्न तिच्या मुखावर लिहिला.

दुसरा चित्रपट सत्यजित राय यांचा 'कांचनजंघा' (१९६२). दार्जिलिंगच्या रस्त्यांवर फिरावयास निघालेले एक कुटुंब, इंद्रनाथ चौधरी हा दरारा बाळगणारा बाप, आणि त्याने पसंत केलेल्या वराला मूकपणे नाकारणारी मनीषा. शेवटी धुके विरते, शिखर उजळते, पण बाप माणसांना हाका मारीत एकटा उभा असतो. ज्या शिखरासाठी तो आला त्याकडे त्याचे लक्षही जात नाही. दोन्ही चित्रपटांत डोंगर बापाच्या अधिकाराची सीमा दाखवितो. भेद असा, की इंद्रनाथाचा अधिकार उघड आहे आणि ख्रिसचा मैत्रीच्या वेषातला. उघड अधिकाराला नाकारणे कठीण खरे, पण तो ओळखू तरी येतो. प्रेमळ अधिकार प्रथम ओळखावा लागतो, आणि ती ओळख हेच या चित्रपटातील वयात येणे होय. वयात येण्याच्या पाश्चात्त्य कथांत नायक बहुधा अनुभव मिळवून समाजात आपले स्थान घेतो. सॅम काही मिळवीत नाही. ती इतके दिवस देत आलेली एक गोष्ट देणे थांबविते.

७

गुणांइतकीच दोषांचीही नोंद करणे अवश्य आहे. पाने, वाहते पाणी, लहानसहान जीव यांची दृश्ये विल्सन कॅमेरॉन यांनी सुंदर टिपली आहेत. परंतु सीलिया हॉलंडर यांच्या संगीतासह ती इतक्या वेळा येतात, की काही ठिकाणी शांतता ही अनुभव न राहता सूचनाफलक होते. सॅमची आई जवळजवळ पडद्याबाहेरच राहते. त्यामुळे मुलीचे हे अतिशहाणपण कोठून आले याचा एक धागा सुटा राहतो. डॅनी मकार्थी यांच्या मॅटमधला विदूषक इतका लोभस आहे, की त्या रात्रीच्या वाक्यापूर्वीचा उतार काहीसा अदृश्य राहतो. यावर असे म्हणता येईल की सॅमलाही तो दिसला नव्हता. हा बचाव मला अर्धाच पटतो, कारण या मुलीला इतर सर्व काही दिसत असते.

हे दोष मान्य करूनही या चित्रपटाने अभ्यासकांपुढे ठेवलेला प्रश्न उरतोच. आपण वर्गात ध्वनी शिकवितो तेव्हा न बोललेला अर्थ ओळखणे हा रसिकतेचा गुण म्हणून शिकवितो. तो गुण एखाद्याच्या अंगी असूनही त्याचा विनियोग न करणे यास काय म्हणावे, हे आपल्या परिभाषेत नाही. कॅट्स्किलच्या त्या पाण्याकाठी एक मुलगी नेमके तेच विचारते, आणि तिला मिळालेले उत्तर पुष्कळांनी आपल्या घरात कधी ना कधी दिलेले असते.