‘ब्रॉडबँड पोचलं’ म्हणजे नेमकं काय पोचलं?

गावात फायबर नसेल तर मोबाइल टॉवरवरून घरात वाय-फाय घ्यायचं, असा ‘एअरफायबर’चा पर्याय 2023पासून आपल्याकडे मिळू लागला. घरापर्यंत रस्ता खणायला नको, छतावर अँटेना लावला की झालं. पर्याय चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो मोजण्याच्या पद्धतीवर.

जानेवारी 2023मध्ये ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येतला किमान वेग 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर गेला. पण व्याख्या नीट वाचा. डाउनलोडच्या किमान वेगाची ‘क्षमता’ हवी, एवढंच ती म्हणते. अपलोडबद्दल अवाक्षर नाही. अमेरिकेचा 2024चा निकष बघा: 100 एमबीपीएस डाउनलोड आणि 20 अपलोड, दोन्ही.

आता गंमत अशी, की टॉवरची क्षमता त्याच्या पट्ट्यातल्या सगळ्यांत वाटली जाते. दुपारची स्पीड टेस्ट झकास येईल. रात्री नऊला घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की तोच आकडा घसरतो. टॉवरमागे फायबर आहे का, वीज गेल्यावर बॅटरी किती टिकते, हेही त्या आकड्यात दिसत नाही. ऑनलाइन मुलाखत देणाऱ्या मुलीचं काम मात्र यावरच अडतं.

म्हणून ‘जोडलेली गावं’ हा रकाना प्रबंधात जसाच्या तसा उचलू नका. वेगवेगळ्या वेळी मोजा, सरासरीसोबत सर्वांत वाईट तासही दाखवा, अपलोड वेगळा नोंदवा. नाहीतर ज्या गावाला फायबरची खरी गरज आहे, तेच तुमच्या तक्त्यात ‘काम झालेलं’ गाव ठरेल.