भिंतीवरून उतरलेला चौक

जागतिकीकरणामुळे देशोदेशींच्या संस्कृती एकसारख्या होत चालल्या आहेत, असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर परदेशी शीतपेये, पोशाख आणि करमणूक येते. बाहेरचे आत आले आणि आतले पुसले गेले, असा हा सरळ हिशेब. जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत मात्र तो पुरा पडत नाही. या डोंगराळ तालुक्यांची ओळख ठरलेले वारली चित्र पुसले गेलेले नाही. उलट ते चादरींवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि आपल्या लग्नपत्रिकांवरही येऊन बसले आहे. येथे एकसारखेपणा आला तो नाहीसे होण्यातून नव्हे, तर सर्वत्र होण्यातून.

मुळात हे चित्र शोभेचे नव्हतेच. लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मध्ये पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौकावाचून लग्न लागत नसे आणि लग्न लावणारी धवलेरी गाण्यांतूनच विधी चालवी. चित्राची वाट पाहणारे कोणीतरी घरात होते, हेच त्याचे बळ होते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांचा हात जगाला दिसला. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चौक मागे पडला तरी त्यांच्या चित्रांत जीव राहिला. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहावे. बारीक रेषांचे ते प्रचंड विणकाम पाण्यासारखे हलते. ती रेषा दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. म्हणून भिंत सोडणे हा काही अपराध नव्हे.

दोष पुढच्या पायरीवर आहे. दोन त्रिकोणांचा देह, तारप्याभोवतीचे वर्तुळ, एक झाड, एक झोपडी एवढेच उचलून त्याचा छाप झाला. २०१० साली कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीतही तो झळकला. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला कायद्याचे रक्षण दिले, पण छापात हरवलेला अर्थ कायदा परत आणू शकत नाही. छापातले आदिवासी नेहमी नाचतच असतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, हे त्या वर्तुळात कोठे दिसणार? दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघालेली कुटुंबे त्या झोपडीच्या दारात कोण काढणार? ज्या चित्राला दुःख काढता येत नाही, ते एका समाजाचे उरत नाही. ते कोणाच्याही भिंतीला चालते.

याच्याशेजारी बोहाडा ठेवून पाहावा. होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा-जव्हारच्या गावांत रात्र रात्र मुखवट्यांची सोंगे नाचतात. गणपती येतो, रावण येतो, नरसिंह येतो, अखेरीस देवी येते. संबळाच्या ठेक्यावर ज्याच्या घराचा मान, तो ते सोंग घेतो. मुखवटाही आता शहरातील दिवाणखान्यात टांगलेला दिसतो. पण सोंग विकत नेता येत नाही. त्यासाठी गाव लागते, रात्र लागते आणि परगावी कामाला गेलेला तरुण परत यावा लागतो. बोहाड्याला धोका आहे तो परदेशी करमणुकीपेक्षा त्या रिकाम्या घराचा अधिक.

तेव्हा कलाकृती परदेशी गेली की नाही, हा समीक्षेचा प्रश्न नव्हे. तिच्यावाचून कोणाचे काही अडते का, हा प्रश्न आहे. चौकावाचून लग्न अडे, सोंगावाचून देवीची रात्र अडते. कपावरच्या वर्तुळावाचून कोणाचेच अडत नाही. पत्रिकेवर ते वर्तुळ छापणाऱ्या कुटुंबाने निदान एकदा मोखाड्याच्या बोहाड्याला जाऊन बसावे, आणि घरासाठी चित्र हवे असेल तर ते काढणाऱ्याचे नाव विचारून, त्याच्या हातून, योग्य मोल देऊन घ्यावे.