'जवळजवळ सर्व'मध्ये कोण नाही?

प्रस्थापितांच्या साहित्यात कोण नाही, हा प्रश्न आपण गेली कित्येक वर्षे विचारत आलो आहोत. तोच प्रश्न आज एका व्याख्येला विचारायचा आहे.

कामाच्या जागेवरील हवेत कोणते रसायन किती चालेल, याची यादी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची एक संघटना 1946 पासून काढीत आहे. भोपाळनंतर, 1987 साली, आपल्या कारखाना कायद्याला जोडलेली मर्यादांची अनुसूची त्याच वळणाची होती. या मर्यादेत रोज काम केले तरी 'जवळजवळ सर्व' कामगारांना अपाय होणार नाही, अशी यादीमागची समजूत. शब्द प्रामाणिक आहे, हे मान्य. पण मर्यादा ठरवल्या कोणी? शंभरहून अधिक रसायनांच्या बाबतीत कंपन्यांच्या अप्रकाशित माहितीवर भिस्त होती, हे कॅसलमन आणि झीम यांनी 1988 साली दाखवून दिले.

आता मोजणी पाहा. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरशी कोळशाची नळी. पाळीभर हवा ओढायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि आठ तासांची सरासरी काढायची. समजा मर्यादा 10 आहे. टाकीत उतरलेल्याने पंधरा मिनिटे 160 प्रमाणाची हवा ओढली आणि उरलेली पाळी स्वच्छ हवेत काढली, तर सरासरी येते 5. म्हणजे कागदावर गडी मर्यादेच्या निम्म्यावर! काही रसायनांना पंधरा मिनिटांची वेगळी मर्यादा असते खरी. पण त्यासाठी पंप टाकीत उतरणाऱ्याच्याच अंगावर हवा, आणि तो तर कंत्राटदाराचा माणूस, कंपनीच्या हजेरीपटावर नसलेला. शिवाय जे विष कातडीतून शिरते ते नळीला कळत नाही. त्यासाठी रक्त-लघवीच तपासावी लागते.

काटेकोर हिशेब आपल्या कारखान्यांना जमत नाही, असे मात्र म्हणू नका. मुंबईच्या गिरण्यांत मागांच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. कुणाची लाळ कुणाच्या ओठाला लागेल, याची नजरचूक तिथे होत नव्हती. विटाळ मोजायला पंप लागला नाही.

'जवळजवळ'च्या बाहेर राहणारा माणूस केवळ नाजूक प्रकृतीचा असतो, असे शास्त्र धरून चालते. आपला अनुभव सांगतो की तो बऱ्याचदा ठरावीक वस्तीतून येतो.

धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला आपली आरोग्यनोंद पाहण्याची तरतूद 1987 च्या दुरुस्तीत होती, 2020 च्या संहितेतही आहे. नोंद मागायला जाल तेव्हा आकडा नंतर वाचा. आधी विचारा, त्या दिवशी पंप कुणाच्या कॉलरला होता आणि टाकी कोणी धुतली?